डेगू हातावर येत नाही, काय करावे?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक): दोन महिन्यांपूर्वी आणलेल्या माझ्या दोन डेगू (उंदरासारखा कुरतडणारा छोटा पाळीव प्राणी) माद्यांपैकी धाकटी, पिंजऱ्यात हात घातला की चिरकत कोपऱ्यात दडते, मनुका दाखवला तर तेवढा ओढून पळते. तिला माणसाळवावे कसे?

उत्तर १: मनुके आजच थांबवावेत. आपल्या नाशकात ते घरोघरी असतात हे खरे, परंतु डेगूंच्या शरीराला साखर पेलत नाही. त्यांना मधुमेह होतो आणि त्यातून मोतीबिंदूही. बक्षीस म्हणून ओटचा एकच दाणा पुरेसा आहे. हातही वरून नेऊ नये, कारण चिलीमधील मूळ अधिवासात या प्राण्यांवर आकाशातून शिकारी पक्षी झेपावतात आणि ती भीती पिंजऱ्यातही जात नाही. तळहात उघडा, तळाशी टेकवून रोज दहा मिनिटे नुसते बसावे. माझ्या नराने पहिले सहा दिवस फक्त अंगठ्याचे नख कुरतडले, सातव्या दिवशी तो मनगटापर्यंत चढला.

उत्तर २: शेपटी कधीही धरू नये, तिची कातडी सोलून निघते आणि ती पुन्हा उगवत नाही. दाणा देताना दर वेळी जिभेने एकच ‘टक्’ आवाज काढल्यास पुढे त्या आवाजावरच त्या धावत येतात. एप्रिलच्या दुपारी मात्र हा खटाटोप नको, त्यांना उष्णता सोसत नाही.

प्रश्नकर्ता: मनुक्यांचा डबा फडताळात वर ठेवला आहे. थोरली अजून त्याच्याकडेच बघत बसते!