मदत हवी आहे: 12 व्होल्टवरून 24 करतोय, पण व्हॉल्व्ह उघडला की व्होल्टेज बसतं

द्राक्षपट्टा: दिंडोरीजवळ बागेत ठिबकसाठी 24 व्होल्ट डीसी, 19 वॉटचा सोलेनॉइड (करंट दिला की उघडणारा व्हॉल्व्ह) आहे. पंपघरात 12 व्होल्टची बॅटरी, तिथून 25 मीटर लांब 0.5 चौरस मिमी तांब्याची दुहेरी वायर आणि व्हॉल्व्हपाशी एक्सएल6009 आयसीचा स्टेप-अप (व्होल्टेज चढवणारं मॉड्यूल). लोड नसताना बरोबर 24 दिसतात. व्हॉल्व्ह जोडला की मॉड्यूलच्या इनपुटलाच 6 च्या आसपास उरतात आणि पाणी सुटत नाही. पंपघरातल्या ईएसपी32 ला (मायक्रोकंट्रोलर बोर्ड) 5 व्होल्टही हवेत. ते या 24 वरून स्टेप-डाउन करून (व्होल्टेज उतरवून) घेऊ का?

ओहमवाला_सातपूर: मॉड्यूल बदलू नका, जागा बदला. जाऊन-येऊन 50 मीटर तांबं म्हणजे साधारण 1.7 ओहम. एवढ्या रोधातून 12 व्होल्टची बॅटरी दुसऱ्या टोकाला जास्तीत जास्त 21 वॉट देऊ शकते. तुम्हाला 19 वॉट काढायला, 85 टक्के कार्यक्षमता धरली तरी, 22 वॉट आत लागतात. स्टेप-अपचं दुखणं हेच, की इनपुट घसरलं तर तो वॉट भागवायला आणखी करंट ओढतो, मग वायरमध्ये ड्रॉप आणखी वाढतो आणि सगळं कोसळतं.

स्टेप-अप बॅटरीशेजारी ठेवा. मग लांब वायरीतून 0.8 अँपिअरच जातील, ड्रॉप सुमारे 1.4 व्होल्ट. आउटपुट 25 ला लावलं की व्हॉल्व्हला साडेतेवीस मिळतील. मॉड्यूलमध्ये 3 ते 4 वॉट उष्णता होईल, हीटसिंक हवाच. आयसीवर लिहिलेले 4 अँपिअर आतल्या स्विचचे असतात, आउटपुटचे नव्हेत. दुकानदार हमखास आउटपुटचेच सांगतात.

5 व्होल्ट थेट बॅटरीवरून एलएम2596 च्या स्टेप-डाउन मॉड्यूलने घ्या. आधी चढवून मग उतरवलं तर दोनदा तोटा, शिवाय व्हॉल्व्ह उघडताना 24 ची लाइन हलली तर ईएसपी32 रीसेट होईल. स्टेप-डाउनचं गणित उलटं: 5 व्होल्टला अर्धा अँपिअर दिला तरी बॅटरीकडून पाव अँपिअरच घेतो.

सर्किटभाऊ: दोन गोष्टी सोडू नका. स्टेप-अपमध्ये इनपुट कॉइल आणि डायोडमधून (करंट एकाच दिशेने सोडणारा भाग) थेट आउटपुटला पोचलेलं असतं, त्यामुळे आउटपुट शॉर्ट झालं तर आयसी ते तोडू शकत नाही. बॅटरीच्या प्लसला लगेच 5 अँपिअरचा फ्यूज टाका. आणि सोलेनॉइडच्या दोन टोकांत 1एन4007 डायोड, पट्टीची बाजू प्लसला. नाहीतर व्हॉल्व्ह बंद करताना येणारा उलटा झटका तुमचा मॉस्फेट (व्हॉल्व्ह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) उडवेल.

द्राक्षपट्टा: स्टेप-डाउनचा आयसी बिघडला तर ईएसपी32 वाचेल का?

सर्किटभाऊ: स्विच शॉर्ट झाला तर पूर्ण 12 व्होल्ट बोर्डावर जातात. एलएम2596 आणि बोर्डाच्या मध्ये 1 अँपिअरचा फ्यूज, त्याच्या पुढे बोर्डाच्या बाजूला 5.6 व्होल्ट, 5 वॉटचा झेनर (ठरावीक व्होल्टेजच्या वर गेलं की करंट सोडणारा डायोड) उलटा, म्हणजे पट्टीची बाजू प्लसला, लावा. आणि बोर्ड जोडण्याआधी स्क्रू फिरवून मीटरवर 5.0 बघून घ्या, नवीन मॉड्यूल कुठल्याही व्होल्टेजला लावलेलं येतं.