अनुभव धागा: सोलापुरातल्या पाडलेल्या चाळींमध्ये वाढलेल्यांनी लिहावं

सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली. तीच आपली जुनी मिल. मागून नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल आल्या आणि भोवती कामगारांच्या चाळी उठल्या. गिरण्यांचा इतिहास शोधला तर सापडतो. चाळीत नळावर पहिला नंबर कुणाचा असायचा, हे मात्र कुठंच लिहिलेलं नाही. मोठी माणसं एकेक करून चाललीत, म्हणून हा धागा. सुरुवात मी करते.

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. भोंगा झाला की आई तवा ठेवायची. बाबा साचे खात्यात, म्हणजे मिलच्या मागांवर होते. घरी यायचे तेव्हा भुवयांवरसुद्धा कापूस बसलेला. कुठल्या ना कुठल्या खोलीत रातपाळीचा माणूस झोपलेला असायचाच, त्यामुळं दुपारी अख्ख्या ओळीतल्या पोरांनी लांब जाऊन खेळायचं.

मग मिल बंद पडली. आई आधीपासून बिड्या वळायची, आता सगळं घरच त्यावर आलं. सोलापूरला सगळे गिरणगाव म्हणतात. पण गिरण्या गेल्यावर हे गाव तगलं ते बायकांच्या मांडीवरच्या सुपावर, असं माझं ठाम मत आहे, आणि त्याची दखल फार कमी जणांनी घेतली. पाला रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. सकाळी पत्र्याचं माप लावून कात्रीनं पान कापायचं, तंबाखू पसरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडून दाबायचं. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. कट्टे बांधायचं काम आम्हा मुलींकडं. माझा सगळा अभ्यास त्या तंबाखूच्या वासात झाला. कारखान्यात माल तपासणारा माणूस मूठभर बिड्या छाट म्हणून बाजूला टाकायचा. त्यांचे पैसे नाहीत. आई काही बोलायची नाही, फक्त पदर तोंडावर धरायची. त्या माणसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

कन्ना चौकाजवळ वाढलेला, आता पुण्यात:

आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू. एका बाजूला कानडी घर, पलीकडं मोमीन. खेळताना सगळ्यांची मराठी, भांडण पेटलं की ज्याची त्याची भाषा. शेजारच्या अव्वाकडची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आमच्या घरी यायची, आमची पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, तिकडं जायची. दिवसभर मागांचा खडखडाट. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघायचा तेव्हा माग थांबायचे, आणि गल्लीत माणसांचं बोलणं ऐकू यायचं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्या खोल्यांत त्या चादरी विणल्या त्यातली एकही आमच्या गल्लीत उरली नाही, याचं वाईट वाटतं.

जाम मिलच्या बाजूची, आता नाशिकला:

माझ्यासाठी चाळ म्हणजे जानेवारी. १२ तारखेला आम्ही चार हुतात्मा पुतळ्यांपाशी जायचो. १९३१ साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. आजोबा चारही नावं आमच्याकडून म्हणून घ्यायचे, एकही गाळलेलं त्यांना चालायचं नाही. मग लगेच गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. वडिलांची बाराबंदी नीळ घालून दोरीवर वाळत पडायची, आणि तिच्याखालून जाताना डोकं लागलं तर ओरडा बसायचा. सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या, ६८ लिंगांची प्रदक्षिणा, सम्मती कट्ट्यावर अक्षता. होम मैदानावर पाळण्यात बसायला पैसे कमी पडले तर मोठी पोरं धाकट्यांना बसवायची आणि स्वतः खाली उभी राहायची.

एक ताई लिहितात:

आठवणी गोड आहेतच. पण संडास ओळीच्या टोकाला होता, आणि रात्री जायचं तर आई कंदील घेऊन सोबत यायची. वयात आल्यावर मी संध्याकाळी पाणी पिणं सोडलं होतं. हेही इथं राहू द्या.

देगाव नाक्याकडचा, अजून सोलापुरातच:

आमची जागा विकली गेली. नोटीस लागली तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही. जेसीबी आला त्या सकाळी पुरुष साहेबांशी बोलत उभे राहिले, बायकांनी मात्र सामान काढायला घेतलं. आत्यानं दारातली शहाबादी फरशी पहारीनं उकरून काढली. तिच्यावर बसून तिनं उभ्या जन्माच्या बिड्या वळल्या होत्या. एक कोपरा तुटला, तरी टांग्यात घालून नेली.

पुढं कुंभारीला बिडी कामगारांसाठी १०,००० घरांचं गोदूताई परुळेकर घरकुल झालं, २००६ मध्ये घरं मिळाली. आत्याला तिथं घर लागलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावावर काही झालं, दारावर नाव रंगवताना ती रंगवणाऱ्याच्या शेजारून हलली नाही. गाव मात्र लांब पडलं, दवाखान्याला यायचं तरी रिक्षाचे पैसे मोजावे लागतात. फरशी तिनं तिथंही दाराशी बसवून घेतली.

पुन्हा मी, धागा सुरू करणारी:

आत्यांना जमलं तर त्या वेळी हजार बिड्यांना किती मजुरी मिळायची ते विचारून इथं लिहाल का? आणि सगळ्यांना विनंती, घरात मिलचं हजेरी कार्ड, जुनं रेशनकार्ड किंवा भाड्याची पावती असेल तर रद्दीत घालू नका. खोली नंबरासकट आपल्या चाळीचा पत्ता आता तेवढ्याच कागदांवर आहे.