पॉइंट टू-टू (०.२२ इंची) पिस्तुलाचा रेंजवरचा पहिला दिवस : अनुभव धागा

बाळीवेस
गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवरून जाताना रेंजचे पहिले दिवस आठवले, म्हणून हा धागा. नवं पिस्तूल परवान्यावर चढलंय, २५ मीटरवर पहिल्यांदा वाजवायचंय. काय बघाल?
माझं आधी सांगतो. मॅगझिनमध्ये एकच काडतूस, मग दोन, मग पाच. दोन भरल्यावर चाप एकदा ओढून दोन्ही बार गेले तर तिथंच थांबायचं, आरमररकडे (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे) द्यायचं.

होटगी रोड
आधी तेल पुसा! नळीत तेल राहिलं की पहिल्या गोळ्या भरकटतात. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, कोरडंच पाहिजे.

जुळे सोलापूर
साइटच्या (नेम धरायच्या खाचेच्या) स्क्रूला हात लावू नका. तिसऱ्या गोळीलाच फिरवणारे बघितलेत. पिस्तूल टेकवून पाच मारा, पुन्हा पाच. दोन्ही वेळा भोकांचा घोळका एकाच जागी पडला तरच साइट हलवायची. गोळी जिकडे न्यायची, मागची साइट तिकडेच. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या खाली-डावीकडे जात असतील तर बहुतेक चापाला हिसका बसतोय, स्क्रूने ते सुटत नाही.

सात रस्ता
चाप हलका करायचा मोह सगळ्यांना होतो. स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाच्या चापाला १००० ग्रॅम कमीत कमी. पिस्तूल रिकामं, नळी उभी, वजन चापाच्या मधोमध, आणि चाप न सुटता ते उचललं गेलंच पाहिजे.

अक्कलकोट रोड
बार झाल्यावर रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये (वरच्या सरकत्या भागात) उभी अडकते का कुणाची?

होटगी रोड
@अक्कलकोट रोड मनगट सैल, नाहीतर काडतूस कमी जोराचं, नाहीतर एक्स्ट्रॅक्टरखाली (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याखाली) काडतुसाचं मेण आणि काजळी. याच क्रमाने तपासा. दोन-तीन कंपन्यांची काडतुसं घेऊन बघा, पॉइंट टू-टूची आवड प्रत्येक नळीची वेगळी. आणि मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या कडेच्या पुढे यायला हवी. मागे राहिली तर कडेत कड अडकते आणि पुढचं काडतूस वर येतच नाही.

विजापूर रोड
कुकर लावलाय, पटकन लिहिते. बार उडाला नाही तर नळी टार्गेटकडेच धरून ३० सेकंद थांबा, मग मॅगझिन काढून काडतूस बाहेर. त्याची कड उजेडात धरा. ठोका देणाऱ्या पिनचा ठसा पुसट असेल तर स्लाइड पूर्ण बंद झाली नव्हती किंवा पिनच्या वाटेत घाण आहे. ठसा खोल असेल तर काडतूसच खराब.

सात रस्ता
ताईंच्या पोस्टला जोड : "फुस्स" असा दबका आवाज आला आणि टार्गेटवर भोक नाही, तर पुढची गोळी अजिबात मारू नका. आधीची नळीतच अडकलेली असू शकते. पिस्तूल रिकामं करून नळी आरपार मोकळी आहे का ते पाहायचं, मगच पुढे.

जुळे सोलापूर
घरी रिकाम्या चेंबरवर चाप ओढत बसू नका. आपलं रिमफायर, म्हणजे ठोका काडतुसाच्या कडेवर बसतो; रिकामं असलं की पिन चेंबरच्या काठावर आपटून काठ दबतो. सरावाची सोय पिस्तुलातच असेल तर ती वापरा.

बाळीवेस
मन लावून लिहिताय सगळे, आभार. टेबलावर काय अंथरता?

विजापूर रोड
आपला सोलापुरी टॉवेल, पांढराच. बारीक स्प्रिंग पडली तर लगेच दिसते, पुंगळ्या घरंगळत नाहीत.

अक्कलकोट रोड
@होटगी रोड काका, एक्स्ट्रॅक्टरखाली मेणाचा थरच होता, ब्रशने निघाला.
डब्यात शेंगा चटणी-भाकरी आणलीय, या सगळे.

होटगी रोड
आधी साबणाने हात धुवा, शिसं असतं बोटांना. आणि खाऊन परत पिस्तूल धरण्याआधीही धुवा, चटणीचं तेल ग्रिपवर नको.

विजापूर रोड
एप्रिलमध्ये टॉवेल दोन आणा, दुसरा तळहाताच्या घामासाठी.