एस्सेलवर्ल्डवर वाढलेली मी पहिल्यांदाच इमॅजिकाला जाऊन आले, आणि मला अजूनही एस्सेलवर्ल्डच भारी वाटतं. तुमचं काय?

बोरिवलीची_मुलगी

मागच्या महिन्यात आम्ही खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जाऊन आलो. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि माझे बाबा. सगळे म्हणतात अगं तू अजून गेली नाहीस, २०१३ पासून सुरू आहे, तर हो, नव्हते गेले, दरवेळी काही ना काही राहून जायचं.

आधीच सांगते की पार्क सुंदर आहे. मागे सह्याद्रीचे डोंगर, आत प्रत्येक भागाची वेगळी सजावट, कुठे अलीबाबाचा बाजार, कुठे जुन्या सोन्याच्या खाणीचं गाव. सलीमगढच्या भुताटकीत मुलगा माझा हात सोडायला तयार नव्हता, बाहेर आल्यावर म्हणतो परत जाऊया. आय फॉर इंडिया मला सगळ्यात आवडली. खुर्च्या वर उचलल्या जातात, पाय लोंबकळतात आणि समोरच्या घुमटासारख्या पडद्यावर आपण अख्ख्या भारतावरून उडत जातो. बाबा ७२ वर्षांचे आहेत, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तरीही संध्याकाळी घरी येताना मनात एकच होतं की एस्सेलवर्ल्डला जी मजा होती ती इथे नाही.

मी ४१ वर्षांची आहे. १९८९ ला गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं तेव्हा पाच वर्षांची होते आणि त्यानंतर किती वेळा गेले ते मोजलेलं नाही, शाळेची सहल, मामाकडची भावंडं आली की, दहावीचा रिझल्ट लागल्यावर मैत्रिणींबरोबर, नोकरी लागल्यावर ऑफिसच्या ग्रुपबरोबर. झिपर डिपर ह्या रोलर कोस्टरचं पहिलं वळण मला डोळे मिटून सांगता येतं. आणि मजा गेटवर नाही सुरू व्हायची, ती सुरू व्हायची लाँचमध्ये! जेट्टीवर उभं राहायचं, खाडीचा तो वास, तिवरं, लाँच हलायला लागली की आई डबा उघडायची, आणि लांबून राइडचा वरचा भाग दिसला की सगळी पोरं एकदम ओरडायची. पाणी ओलांडलं की शाळा अभ्यास सगळं पलीकडच्या काठावर राहायचं. इमॅजिकाला एक्स्प्रेसवेने गेलो, खोपोलीला उतरलो, गाडी लावली, तिकीट दाखवलं आणि आत. मधे काही घडलंच नाही.

दुसरं म्हणजे इमॅजिकात प्रत्येक गोष्टीला कथा आहे, आणि कथा असली की आपण बघे होतो. एस्सेलवर्ल्डमध्ये कथाबिथा नव्हती, लोखंडाचं एक मोठं यंत्र आणि त्यात आम्ही, कथा आमची आम्ही करायचो. शॉट अँड ड्रॉपला कोण रडलं, टॉप स्पिनमधून उतरल्यावर कोण सरळ चालू शकलं नाही, ह्याच कथा आम्ही वर्षभर सांगत होतो.

एस्सेलवर्ल्ड २०२२ ला बंद झालं, म्हणजे मुलाला दाखवायलाही उरलं नाही. वॉटर किंगडम चालू आहे पण ते वेगळं. बोला.

---

सातारचा_दादा

ताई, राग मानू नका पण तुम्ही दोन पार्कांची तुलना केलीच नाहीये, तुम्ही नऊ वर्षांची मुलगी आणि ४१ वर्षांची बाई ह्यांची तुलना केलीय. नवव्या वर्षी कुठलंही लोखंडी चाक भारी वाटतं. आमच्या यात्रेतला पाळणा आठवला तरी माझ्या अंगावर अजून काटा येतो, म्हणून तो इमॅजिकाच्या नायट्रो रोलर कोस्टरपेक्षा चांगला असं मी म्हणणार नाही.

आणि एस्सेलवर्ल्ड हे मुंबईच्या पोरांचं होतं. टीव्हीवर जाहिरात लागायची, ते गाणं आम्हाला पण तोंडपाठ होतं, पण साताऱ्याहून मुंबई, मग लोकल, मग रिक्षा, मग लाँच, हे आमच्या घरात कुणी कधी केलं नाही. मी पहिलं पार्क बघितलं ते २६ व्या वर्षी, इमॅजिकाच. आमच्यासाठी एक्स्प्रेसवेला लागून पार्क होणं ही केवढी मोठी गोष्ट होती. सकाळी निघायचं रात्री घरी. आई-वडिलांना घेऊन गेलो तेव्हा येताना महडच्या वरदविनायकाचं दर्शन पण केलं, खोपोलीपासून जवळ आहे. तुम्हाला जी खाडी रोमँटिक वाटते ती आम्हाला आडवी आली होती.

---

दहिसर_पूर्व

+१ धागाकर्तीला. आमचं पण तसंच, डबा लाँचमध्येच संपायचा. 😊

---

मेकॅनिकल_वाला

"लोखंडाचं यंत्र" म्हणालात म्हणून लिहितोय. ज्यांना यंत्र आवडतं त्यांनी तर नायट्रोच्या बाजूने बोलायला पाहिजे.

नायट्रो बोलिगर अँड मॅबिलार्ड ह्या स्विस कंपनीने बनवलेला आहे, जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या कोस्टर कंपन्यांपैकी एक. फ्लोअरलेस प्रकार, म्हणजे आपण बसल्यावर पायाखालची जमीन बाजूला सरकते आणि पूर्ण राइडभर पाय मोकळे. उंची साधारण ४० मीटर, पाच वेळा उलटं करतो. आणि ह्यात इंजिन नाही! साखळी वरपर्यंत ओढत नेते ती टकटक ऐकू येते, तिथून पुढे फक्त गुरुत्वाकर्षण. दहावीच्या विज्ञानाने हिशोब करा, ४० मीटरवरून घर्षण सोडून खाली आलं तर वेग सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर. वजन कितीही असो वेग तोच. जाडा माणूस जास्त जोरात जातो हे खोटं आहे, हवेचा आणि चाकाचा थोडा फरक पडतो तेवढाच. सकाळच्या पहिल्या फेरीपेक्षा दुपारी कोस्टर जरा जास्त पळतो कारण चाकं आणि बेअरिंगमधलं ग्रीस गरम झालेलं असतं, म्हणून मी नेहमी दोनदा बसतो, एकदा सकाळी एकदा उन्हं कलल्यावर.

ट्रॅकचे तुकडे पाडलेले असतात, एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी, पुढची बाहेर पडल्याशिवाय मागचीला ब्रेक सोडत नाही. रेल्वेच्या सिग्नलचं जे तत्त्व तेच. असं यंत्र आपल्या खोपोलीजवळ उभं आहे ह्याचा मला अभिमान वाटतो. १९८९ च्या मानाने एस्सेलवर्ल्ड मोठंच होतं, वाद नाही, दिल्लीचं अप्पूघर १९८४ चं, त्यानंतर आपल्याकडे एवढं मोठं तेच. पण त्यातल्या बऱ्याचशा राइड गोल फिरणाऱ्या होत्या. एन्टरप्राइझ आठवा, चाक फिरता फिरता उभं होतं आणि आपण बसल्या जागी चिकटून राहतो, उत्तम कल्पना, पण एकदा कळली की संपली. चांगल्या कोस्टरचं तसं नसतं, पुढच्या रांगेत बसलात तर एक राइड, मागच्या रांगेत बसलात तर वेगळीच, कारण मागच्याला उतारावर आधीच खेचलं जातं.

---

बोरिवलीची_मुलगी

दादा (सातारचे), तुमचं पहिलं वाक्य मनाला लागलं आणि बरोबर पण आहे थोडंसं. पण मी एस्सेलवर्ल्डला शेवटची गेले ती ३० वर्षांची असताना, मुलगा व्हायच्या आधी, तेव्हाही तीच मजा आली होती. आणि खाडी आडवी आली हे मी खरंच कधी त्या बाजूने बघितलं नव्हतं. आम्हाला ती दारात होती.

मेकॅनिकलवाले, मी नायट्रोत बसले. मागच्या रांगेत. तुम्ही म्हणता ते खेचलं जाणं पोटात कळलं, आता का ते समजलं. पण अभिमान वेगळा आणि जीव लागणं वेगळं.

---

अनाहाइमचा_मराठी_माणूस

मी कॅलिफोर्नियात राहतो, डिझनीलँडपासून वीस मिनिटांवर, मुलांमुळे इतक्या वेळा गेलोय की तेच माझं ओळखीचं पार्क झालंय. दोन वर्षांपूर्वी भारतात आलो तेव्हा इमॅजिका पहिल्यांदा बघितलं, म्हणजे माझी तुलना उलट्या बाजूने.

ताईंच्या लाँचबद्दल सांगायचंय. १९५५ ला डिझनीलँड बांधलं तेव्हा सगळीकडून मातीचा उंच बांध घातला, त्यावर झाडं लावली, वरून आगगाडी फिरवली. कशासाठी, तर आत गेल्यावर बाहेरचे रस्ते, विजेचे खांब, इमारती काही दिसू नये. आत शिरायला आगगाडीच्या खालून छोट्या बोगद्यातून जावं लागतं. म्हणजे जे ताईंना लाँचमध्ये आपोआप मिळत होतं ते त्यांनी मुद्दाम बांधून घेतलं. गोराईला खाडीने फुकट दिलं. त्यामुळे ह्या मुद्द्यावर मी ताईंच्या बाजूने, ती फक्त आठवण नाही, पार्क असंच असायला लागतं.

पण कथेच्या मुद्द्यावर ठाम असहमत. कथा असली की माणूस बघ्या होतो हे मला पटतच नाही. राजासॉरसची होडीची राइड घ्या. माझ्या मुलीने इकडच्या पार्कांत डायनोसॉर ढिगाने बघितलेत, सगळे अमेरिकेतले, टी रेक्स वगैरे. तिला सांगितलं की राजासॉरस हा खरा होता, नर्मदेच्या खोऱ्यात हाडं सापडली, २००३ ला शास्त्रज्ञांनी त्याचं नाव राजासॉरस नर्मदेन्सिस ठेवलं, तर ती होडीत अक्षरशः उभी राहायला लागली. इथे परत येऊन तिने शाळेत त्याच्यावर प्रोजेक्ट केला. ती बघी होती का? आपला डायनोसॉर, आपला मिस्टर इंडिया, आपला अलीबाबा, हे डिझनी मला कधीच देऊ शकणार नाही.

---

दोन_जुळ्यांची_आई

मोठ्यांच्या गप्पा चालल्यात म्हणून मधे पडते. माझी मुलं पाच वर्षांची. राइडच्या बाहेर उंचीची पट्टी असते, त्यात ती बसत नाहीत, आणि बसू पण नयेत, सुरक्षेचं आहे. अशा वेळी नुसत्या राइडचं पार्क माझ्या काय कामाचं? कथा, परेड, टबी हत्ती, सजावट ह्यावर माझी मुलं पूर्ण दिवस खूश होती. सासूबाई पण. धागाकर्तीताईंनी स्वतःच लिहिलंय की बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. एस्सेलवर्ल्डला तुमचे बाबा काय करायचे हो? हे मी मनापासून विचारतेय. माझे बाबा तर दिवसभर आमच्या चपला आणि पिशव्या सांभाळत बाकावर बसलेले मला आठवतात.

---

बोरिवलीची_मुलगी

हे वाचून मी बराच वेळ काहीच टाइप केलं नाही.

बाबा बाकावरच बसायचे. बरोबर आहे. आई तरी आमच्याबरोबर मॉन्स्टर्स इन द मिस्टमध्ये यायची, बाबा एकदाही नाहीत. मी काल रात्री त्यांना विचारलं, तुम्हाला कंटाळा यायचा का, तर म्हणाले कंटाळा कसला, तुम्ही कुठून बाहेर येताय ते बघत बसायचो. मग थोड्या वेळाने म्हणाले पण परवाचं ते उडायचं छान होतं, मी पण होतो ना त्यात.

---

गोराईकर

आमच्या गावाबद्दल लिहिताय म्हणून लिहितो. तुम्ही लोक इकडे वर्षातून एकदा यायचे, आम्ही रोज त्याच खाडीतून जा-ये करतो, कॉलेजला, मासळी घेऊन, दवाखान्यात. आम्हाला लाँच म्हणजे मजा नाही, पण रविवारी पोरांनी भरलेली लाँच आली की बरं वाटायचं हे खरं. आमच्यातली कितीतरी मुलं राइडवर ऑपरेटर होती, माझा मोठा भाऊ पण, त्याला प्रत्येक मशीनचा आवाज माहीत होता, आवाज जरा बदलला की थांबवायचा. पार्क बंद झालं तेव्हा तुमच्या आठवणी गेल्या, आमच्याकडे रोजगार गेला, हेही कुणीतरी लिहायला पाहिजे.

तुलना करायला मी इमॅजिका बघितलेलं नाही. पण एक सांगतो, आता इकडे आलात तर ग्लोबल विपश्यना पॅगोडा बघा. एस्सेलवर्ल्डच्या बाजूलाच, २००९ ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालं. आत एकही खांब नाही, दगडात दगड अडकवून केलेला एवढा मोठा घुमट आणि खाली आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. खाडीतून त्याचा सोनेरी कळस लांबून दिसतो. मुलाला लाँच दाखवायची असेल तर लाँच अजून आहे.

---

सातारचा_दादा

गोराईकर भाऊ, हे कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं, माझ्या पण नाही. लिहिलंत बरं केलंत.

माझं मत तरी बदललेलं नाही, पार्क म्हणून इमॅजिकाच. २०२२ ला मालपाणी ग्रुपने घेतलंय, ते संगमनेरचे, शिर्डीला आणि लोणावळ्याला पण त्यांचे पार्क आहेत, म्हणजे आता लहान शहरांतल्या पोरांना जवळ पडेल असं काहीतरी होतंय. मुंबईच्या बाहेर अजून व्हायला पाहिजेत. कोल्हापूरला का नको? लातूरला का नको?

---

मेकॅनिकल_वाला

गोराईकर, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. आवाजावरून मशीन ओळखणारा माणूस सेन्सरच्या जमान्यात पण लागतोच.

---

बोरिवलीची_मुलगी

मी अजूनही एस्सेलवर्ल्डच म्हणणार, पण "कथा असली की बघे होतो" हे वाक्य मागे घेते, बाबांच्या बाबतीत ते चुकीचं आहे. लाँचचं मागे घेत नाही.

रविवारी मुलाला घेऊन जेट्टीवर जातेय, पलीकडे पॅगोडा बघून परत. डबा घेऊन. गोराईकर, ओहोटीच्या वेळी लाँचमध्ये चढायला त्रास होतो का आता पण? बाबा येतो म्हणतायत.

---

गोराईकर

ओहोटीला उतार निसरडा असतो, ज्येष्ठांना घेऊन भरतीच्या आसपास या. आमची पोरं हात देतात, काळजी करू नका.