ग्रीन झोनची जमीन भरावभूमीसाठी घेताना हरकत नेमकी कशावर घ्यायची?

वालदेवीकाठ
नाशिकच्या कचरा डेपोला लागून असलेली ग्रीन झोनमधली (विकास आराखड्यात शेतीसाठी राखलेली) खासगी जमीन भरावभूमीसाठी, म्हणजे प्रक्रियेनंतर उरलेला कचरा पुरायच्या जागेसाठी, आरक्षित करायचा विषय निघाला, की महापालिकेच्या महासभेत दोनच सूर लागतात. एक 'डेपोच हलवा', दुसरा 'मग शहराचा कचरा टाकायचा कुठे'. दोन्हीतून शेजारच्या गटधारकाच्या हाती काही लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली झोन बदलायची सूचना निघाली तर हरकतीत काय लिहावं, म्हणजे सुनावणीत तिला उत्तर द्यावंच लागेल? आणि बफर झोन (प्रकल्पाभोवतीचा बांधकामबंदीचा पट्टा) शेजाऱ्याच्या शेतावर पडतो का? पडतो असं सगळे सांगतात, आधार कोणी दाखवत नाही.

भागनकाशा
बफरचं आधी. घनकचरा नियम 2016 च्या (1 एप्रिल 2026 पासून त्यांच्या जागी 2026 चे नियम आले) पहिल्या अनुसूचीत लिहिलं होतं की दिवसाला 5 टनांपेक्षा जास्त क्षमतेच्या प्रकल्पाभोवती ना-विकास बफर हवा, आणि तो प्रकल्पाच्या एकूण जागेच्या आतच ठेवायचा. रुंदी प्रत्येक प्रकल्पापुरती महापालिकेने प्रदूषण नियंत्रण मंडळाशी बोलून ठरवायची होती. म्हणून पहिली मागणी ही: आरक्षणाच्या नकाशावर बफरची रेषा प्रस्तावित हद्दीच्या आत आखून दाखवा. ती आखली की भरायला उरलेलं क्षेत्र किती लहान होतं ते लगेच दिसतं, म्हणूनच बहुधा ती आखलेली नसते. (नियमांची सूचनेच्या दिवशी लागू असलेली प्रत जोडा, जुनी नको.)

अंतरंही 2016 च्या त्याच अनुसूचीत होती. नदीपासून 100 मीटर; तळं, महामार्ग, वस्ती, बाग आणि पाणीपुरवठ्याची विहीर यांपासून 200 मीटर. विमानतळ किंवा हवाई तळापासून 20 किलोमीटर. 10 ते 20 च्या मधे असेल तर ना-हरकत लागायची. नाशिकमध्ये ओझर सगळ्यांना आठवतं, गांधीनगरचा लष्करी हवाई तळ कोणाला आठवत नाही. दोन्ही मोजा.

आता कलम 37. हा मार्ग विकास आराखड्याचं मूळ स्वरूप न बदलणाऱ्या फेरबदलापुरताच आहे. राजपत्रात सूचना आली की हरकतीला एक महिना, बाधितांना वेगळी नोटीस आणि सुनावणी. राजपत्रातल्या सूचनेपासून एका वर्षात प्रस्ताव शासनाकडे गेला नाही तर तो व्यपगत होतो, म्हणजे आपोआप रद्द होतो. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीची तारीख धरून बसू नका, राजपत्राची प्रत काढा. हरकत राजीव गांधी भवनात नगररचना विभागाकडे द्या, गट नंबर, सातबारा आणि झोन दाखल्यासह, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नसेल तर हरकत दिल्याचा पुरावाच राहत नाही.

आरक्षण पडलं म्हणजे जमीन गेली, असं नाही. त्याच अधिनियमाच्या कलम 126 खाली ती टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क), एफएसआय (जादा बांधकाम क्षेत्र) किंवा 2013 च्या भूसंपादन कायद्याने घ्यावी लागते. 10 वर्षांत घेतली नाही तर जमीनमालकाला कलम 127 ची नोटीस देता येते, त्यानंतर महापालिकेला 24 महिने.

ट्रॉमेल
मी विस्ताराच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो. प्रक्रिया कितीही चांगली केली तरी मागे काहीतरी उरतंच आणि त्याला जागा लागते. पण किती, हे विचारायलाच हवं. हिशेब सोपा आहे. रोज 100 टन उरलेला माल धरा (आकडा उदाहरणाचा आहे). वर्षाला 36,500 टन. दाबून घनमीटरला 0.9 टन बसला तर सुमारे 40,500 घनमीटर, वर 10 टक्के झाकणाची माती. 2016 च्या नियमात भरावभूमीचं आयुष्य 20 ते 25 वर्षांचं धरलं होतं. 20 वर्षांचे जवळपास 9 लाख घनमीटर होतात, आणि सरासरी 12 मीटर उंचीला 7.4 हेक्टर, म्हणजे 18 एकर. उतार, रस्ते, काळ्या पाण्याचं (कचऱ्यातून झिरपणाऱ्या घाण पाण्याचं) तळं आणि बफर यांची जागा वेगळी.

घंटागाडीत ओला-सुका वेगळा आला नाही आणि 100 ऐवजी 400 टन तसाच भरावात गेला, तर तेच गणित 73 एकरांवर जातं. म्हणून हरकतीत 'रोज किती टन, कशातून उरलेला' हे लेखी मागा. उत्तरात शहराच्या एकूण कचऱ्याचा आकडा आला तर समजायचं की भरावभूमी म्हणून डेपोच मागताहेत.

जुन्या ढिगाचं बायोमायनिंग करून (साचलेला कचरा उकरून, चाळून) तीच जागा वापरा, असंही काही जण म्हणतात. तो मुद्दा बरोबर आहे, पण अर्धा. जुन्या ढिगाखाली पाणी अडवणारं अस्तर नसतं. मूळ मुरमापर्यंत खोदून, खालची माती तपासून मगच नवा तळ घालता येतो. वेळापत्रकही बघा. पावसात भिजलेला कचरा चाळणीची भोकं बुजवतो, त्यामुळे चाळायचे खरे महिने नोव्हेंबर ते मे. बारमाही दाखवलं असेल तर तो कागद ऑफिसात बसून केलाय.

मुरूम_आणि_काळी
तळाबद्दल लिहितो, कारण नाशिकच्या जमिनीत घोटाळा तिथेच होतो. 2016 च्या नियमाने 90 सेंटीमीटर दाबलेली चिकणमाती आणि तिच्यावर 1.5 मिलिमीटरचं एचडीपीई (जाड प्लास्टिकचं) अस्तर हवं होतं. ट्रॉमेल यांच्या 7.4 हेक्टरला ही माती जवळपास 66,900 घनमीटर लागते, म्हणजे साधारण 23,600 ब्रास. ती कुठून आणणार, उत्खननाची परवानगी कोणाची, हे प्रस्तावात असतं का बघा. काळी माती चिकण आहे खरी, पण वाळली की भेगा पडतात. एप्रिलमध्ये दाबून अस्तर मे अखेरीस टाकलं तर थर वाया गेला. पाणी झिरपण्याची मर्यादा त्याच नियमात सेकंदाला एका सेंटीमीटरचा एक कोटीवा भाग होती, आणि ती जागेवरच्या थरावर तपासायची, प्रयोगशाळेतल्या नमुन्यावर नाही. फोडलेल्या काळ्या दगडाची धार अस्तराला भोक पाडते. खालचा थर खडे वेचलेला हवा आणि वर जिओटेक्सटाइल (संरक्षक जाड कापड). प्रत्येक जोडाच्या हवादाब चाचणीची नोंद मागा.

भूजल हा सर्वात मजबूत मुद्दा. 2016 च्या नियमाने चिकणमातीच्या तळापासून पाण्याची पातळी किमान 2 मीटर खाली हवी होती. अहवालात बहुतेक वेळा मेमधली पातळी असते. आपल्याकडे भेगाळ बेसॉल्टमधल्या विहिरी सप्टेंबर-ऑक्टोबरला तुडुंब असतात. खरा आकडा तेव्हाचा.

पावसाचाही हिशेब विचारा. 700 मिलिमीटर पाऊस एका उघड्या हेक्टरवर पडला तर 70 लाख लिटर. सगळं काळं पाणी होत नाही, पण निम्मं धरलं तरी 10,000 लिटरचे 350 टँकर. म्हणून पावसाळ्यापूर्वी 40 ते 65 सेंटीमीटर मातीचं झाकण 2016 च्या नियमातच सांगितलं होतं.

वालदेवीकाठ
ऑक्टोबरची पातळी आत्ताच मोजून ठेवतो. कलम 37 च्या सुनावणीत हे सगळं ऐकतील, की पर्यावरण मंजुरीच्या जनसुनावणीची वाट बघावी?

भागनकाशा
दोन्हीकडे द्या. जनसुनावणी वेगळी असते. ती 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेखाली प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी. तिथे तळ, भूजल, काळं पाणी मांडा. कलम 37 ला बफर, अंतरं आणि क्षेत्राचं समर्थन पुरे. तिथे अस्तरावर बोलत बसलात तर 'हा विषय या सुनावणीचा नाही' म्हणून तुमचं सगळंच निकाली काढतील. विहिरीची पातळी मोजताना फोटोत तारीख आणि टेप दोन्ही दिसू द्या, आणि शेजारच्या दोन विहिरीही घ्या, एक ढिगाच्या वरच्या अंगाची, एक उताराकडची.