गावात अडीनडीला कर्ज कुणाकडे मागावं: शेठ, सहकारी मंडळी की सखी मंडळ?

डभोईकडचा मास्तर

डभोई तालुक्यातल्या एका गावात मी शिकवतो, राहायला बडोद्यात. आमच्या शाळेत पोरांचं दुपारचं जेवण रांधणाऱ्या एक बेन आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांचा नवरा विहिरीच्या कठड्यावरून पडला, मांडीचं हाड मोडलं. रात्री साडेनऊला त्या गावातल्या शेठकडे गेल्या आणि दहाच्या आत 40,000 रुपये रोख घेऊन बाहेर आल्या. व्याज तीन रुपये शेकडा, म्हणजे महिन्याला 1,200. तारण म्हणून चांदीचे वाळे आणि सही केलेला एक कोरा चेक.

आज अकरा महिने झाले. 13,200 रुपये गेले, मुद्दल जागच्या जागी.

शेठला शिव्या घालणं सोपं आहे. मी घालणार नाही, कारण त्या रात्री दुसरं कुठलं दार उघडं नव्हतं. सेवा सहकारी मंडळी, म्हणजे गावची सोसायटी, पीककर्ज देते, तेही सातबारावर नाव असेल त्याला. या बेन भागिया कुटुंबातल्या, म्हणजे पिकातल्या वाट्यावर कसणाऱ्या, जमीन दुसऱ्याची. बँक सकाळी उघडणार आणि पगाराचा कागद मागणार. बडोद्यात बसून आपण ‘व्याजखोर’ म्हणतो आणि मोकळे होतो. गावात मात्र वेळेला देणारा माणूस लागतो, आणि तो गावातलाच असावा लागतो, कारण तोच त्यांना चेहऱ्याने ओळखतो.

म्हणून माझं मत असं की गावातल्या देणाऱ्याकडे जाऊ नका हे सांगणं फुकट आहे. कुणाकडे आणि कसं जावं ते सांगायला हवं. मी पालकांना सांगतो, आधी हातउसने मागा, लाज धरू नका. मग भिशी किंवा सखी मंडळ, म्हणजे बायकांचा बचत गट. शेठकडे जायचंच झालं तर पहिल्या दिवशी एवढं विचारा: मधेच 5,000 मुद्दलात दिले तर पुढच्या महिन्यापासून व्याज कमी होईल का? हो म्हणाला तर बरा. ‘मुद्दल एकदमच घेईन’ म्हणणाऱ्याला ते परत नकोच असतं.

आणि आपल्या बडोद्याला हे नवं नाही. सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 चा. त्याच्या पंधरा वर्षं आधी, 1889 मध्ये, विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी इथे अन्योन्य सहायकारी मंडळी काढली होती. ओळखीवर दिलेलं कर्ज वाईटच, हे मला त्यामुळे पटत नाही.

रावपुऱ्याची वकील

मास्तर, तुमची कळकळ पोचली. पण तुम्ही शेठ लोकांची बरा आणि वाईट अशी विभागणी करताय, कायदा वेगळी करतो: नोंदणी असलेला आणि नसलेला. 2011 च्या गुजरात मनी-लेंडर्स ॲक्टप्रमाणे नोंदणीशिवाय व्याजाने पैसे देण्याचा धंदा करता येत नाही. हिशेब ठेवावा लागतो, पावती द्यावी लागते. तुमच्या शेठकडे यातलं काय आहे?

मला सगळ्यात जास्त भीती त्या कोऱ्या चेकची वाटते. आकडा तो भरेल, तारीख तो घालेल. चेक न वटता परत गेला की चेकच्या कायद्यातल्या कलम 138 खाली खटला, आणि तिथे कायदा आधी हेच धरून चालतो की देणं होतं म्हणूनच चेक दिला. ते खोडून काढायचं ओझं बेनवर. ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांच्याकडून बानाखत लिहून घेतात. कागदावर तो जमीन विकायचा करार असतो, कर्जाचा त्यात उल्लेखही नसतो.

दामदुपटीचा नियम पुष्कळांनी ऐकलेला असतो, म्हणून सांगते. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही, हे खरं, पण ते एका वेळी थकलेल्या व्याजाबद्दल. बेन दर महिन्याला इमानाने 1,200 भरतात, म्हणजे त्यांचं व्याज कधी थकतच नाही. अशा माणसाला दामदुपटीचा काडीचाही उपयोग नाही. जो वेळेवर भरतो तोच जास्त भरडला जातो.

जानेवारी 2023 मध्ये पोलिसांनी व्याजखोरांविरुद्ध राज्यभर लोकदरबार भरवले होते. त्या महिन्यात माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एकाच्याही हातात कागदाचा कपटा नव्हता. किती घेतले, किती दिले, सगळं तोंडी. तुम्ही ज्याला ओळख म्हणता ती ही.

खत-बियाणं, करजण

वकीलताई, मी नाव लपवून लिहितोय आणि का ते तुम्हाला कळेल. आमची तिसरी पिढी करजणला. खताचं दुकान आहे, कपाशीच्या हंगामात निम्मा माल उधारीवर जातो. ओळखीच्या गिऱ्हाइकाला पाच-दहा हजार रोखही देतो, दीड-दोन रुपये शेकड्याने.

ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या वर्षी माझे जवळजवळ तीन लाख अडकले. निम्मे आजवर आलेले नाहीत. उघराणीला मी कुणाच्या उंबऱ्यावर बसलो नाही, कुणाचा बैल सोडून आणला नाही. लोक दोन रुपयांचं व्याज मोजतात, बुडालेलं कुणी मोजत नाही.

उद्या मी द्यायचं बंद करतो. माझ्याकडे येणारा माणूस बँकेत जाईल असं वाटतं का तुम्हाला? तो डायरीवाल्याकडे जाईल. 10,000 ची डायरी, हातात 9,000, आणि रोज 100 रुपये शंभर दिवस. मोटरसायकलवरून पोरगा येतो, एक दिवस चुकला तर चारचौघांत बोलतो. माझ्या दुकानात निदान चहा मिळतो आणि चार महिने थांबायची तयारी असते.

दांडिया बाजार, निवृत्त बँकवाला

डायरीचा हिशेब आधी करून टाकतो. लोकांना वाटतं हजार रुपये म्हणजे दहा-अकरा टक्के. पण 9,000 शंभर दिवस तुमच्याकडे राहतातच कुठे? पहिल्या दिवसापासून फेड सुरू. सरासरी धरली तर जेमतेम साडेचार हजार तुमच्या वापरात, आणि त्यावर शंभर दिवसांत 1,000. वर्षाचा दर 75 टक्क्यांच्या वर जातो. बेनचा तीन रुपये शेकडा वर्षाला 36, करजणच्या भाऊंचे दोन रुपये 24. हे आकडे महिन्याचे म्हणूनच बोलले जातात, कारण वर्षाचे बोलले तर घेणारा उठून जाईल.

आता मास्तरांशी भांडतो. अन्योन्यचं नाव तुम्ही शेठच्या बाजूने घेतलंत, त्याने मला वाईट वाटलं. तिथे मध्यमवर्गीय कुटुंबांनी आपली बचत एकत्र केली आणि त्यातूनच एकमेकांना कर्ज दिलं. देणारा आणि घेणारा एकाच यादीतले, व्याज फिरून सभासदांकडेच. शेठचं व्याज शेठच्या घरी जातं. दोघेही ओळखीने देतात म्हणून दोघे एका पंगतीत बसत नाहीत.

आणि दुसरं दार नव्हतं म्हणता. 1951-52 च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जातले सत्तर सावकाराचे आणि जेमतेम तीन सहकाराचे निघाले होते. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत ग्रामीण कर्जातले 66 टक्के बँका-सोसायट्यांचे आहेत. दारं उघडली आहेत, लोकांना ती दाखवायला कुणी जात नाही. किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेत दहा टक्के रक्कम घरखर्चासाठी धरलेली असते, हे किती मास्तर पालकांना सांगतात? व्याज 3 लाखांपर्यंत 7 टक्के, वेळेवर फेडलं तर 4. जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंत तारणही नाही. भागिया आणि तोंडी कराराने कसणाराही त्या योजनेत बसतो.

घरात सोनं असेल तर बँकेत ठेवून कर्ज घ्या, शेठकडे ठेवू नका. तिथे वजन आणि कस लिहिलेली पावती मिळते.

डभोईकडचा मास्तर

काका, नियमात भागिया बसतो, शाखेत नाही बसत. दोन वर्षांपूर्वी एका पालकाला घेऊन मी स्वतः एका शाखेत गेलो होतो. साहेब म्हणाले, जमीनमालकाचं लिहून आणा. कुठला मालक लिहून देतो? त्याला वाटतं, कागद झाला की कूळ लागलं. तिसऱ्या खेपेला तो पालक आलाच नाही, त्याची तीन दिवसांची मजुरी बुडाली होती. तुमचे 66 मला मान्य आहेत. उरलेले 34 कोण, ते मी रोज वर्गात बघतो.

अन्योन्यबद्दलची चूक मात्र कबूल. तुलना घाईत केली.

सावलीची ताई (सावली गावची, सखी मंडळाचं काम करते)

मास्तर, ‘हातउसने मागा, लाज धरू नका’ हे वाक्य पुरुषाचं आहे, रागावू नका. बाईने भावाकडून दहा हजार आणले की त्याला व्याज नसतं, हे खरं. पण मग वहिनी दोन वर्षं ऐकवते, आणि वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडायच्या कागदावर ती मुकाट अंगठा देते. मी असे अंगठे पाहिलेत. माझ्या मते ते सगळ्यात महाग कर्ज.

आमच्याकडे एका मंडळात दहा-बारा बायका. महिन्याला शंभर रुपये बचत, कर्ज दीड-दोन रुपये शेकड्यानेच. करजणच्या भाऊंचाच दर म्हणा ना. फरक असा की ते व्याज मंडळाच्या पेटीत पडतं आणि वर्षअखेर त्याच बायकांचं असतं. प्रत्येक रुपया वहीत, सगळ्यांसमोर वाचून. वही नीट चालली की बँक मंडळाला कर्ज देते, 3 लाखांपर्यंत 7 टक्क्यांनी. शिवाय 2020 पासून राज्य सरकारची महिला उत्कर्ष योजना आहे, दहा बायकांच्या गटाला 1 लाख बिनव्याजी.

उणं आहे तेही सांगते. नवीन बाईला लगेच कर्ज मिळत नाही. एका फळियातलं (वस्तीतलं) मंडळ दुसऱ्या फळियातलीला घेत नाही, आणि त्याचं कारण जात असते. शेजारणीचा हप्ता चुकला की सगळ्या तिच्या दारात, तिथे शेठसुद्धा परवडला असं वाटायची पाळी येते. एकेका घरात तीन-तीन मायक्रोफायनान्स कंपन्यांची कर्जं, एकीचं घेऊन दुसरीचं फेडायचं. एप्रिल 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त हप्ते होता कामा नयेत. उत्पन्नाचा आकडा फॉर्मवर भरतो कोण? हप्ता विकायला आलेला पोरगा.

एक विचारते. बेनकडे ‘मा’ कार्ड, म्हणजे सरकारी उपचाराचं कार्ड, नव्हतं का? 2023 पासून 10 लाखांपर्यंतचे उपचार त्यावर होतात.

डभोईकडचा मास्तर

कार्ड होतं, ताई. ऑपरेशन कार्डावरच झालं. 40,000 गेले जीपच्या भाड्यात, आधीच्या तपासण्यांत, सतरा दिवसांच्या खाण्यापिण्यात, आणि नवरा सहा महिने खाटेवर होता त्या घरखर्चात. आजारपणाचं कर्ज म्हणतात ते बहुतेक असंच असतं.

दाहोदला होतो, आता अलकापुरी

दाहोद आणि झाबुआकडे भिल्लांमध्ये नोतरा असतो. घरात लग्न किंवा अडचण आली की नोतरं धाडतात, येणारा जमेल तेवढी रक्कम देतो आणि ती वहीत लिहिली जाते. पुढे त्याच्या घरी नोतरा असेल तेव्हा थोडी वाढवून परत. तारण नाही, हप्ता नाही. माझ्या तिथल्या नोकरीत एका शिपायाच्या घरचं कर्ज एका रात्रीत फिटलेलं मी पाहिलंय. समाजाने द्यायचं ते असं.

खत-बियाणं, करजण

वाढवून परत करायचं म्हणजे व्याजच झालं ना भाऊ? तिथे ते परंपरा म्हणवतं, माझ्या दुकानात गुन्हा.

रावपुऱ्याची वकील

करजणचे भाऊ, नोतऱ्याची वही भर मांडवात लिहितात. तुमची गल्ल्याखाली असते. मनापासून सांगते, खताची उधारी चालू ठेवा, पण रोख द्यायचंच असेल तर नोंदणी करून घ्या. तुमच्यासारखा चार महिने थांबणारा माणूस कायद्यात आला तर गावाचं भलंच आहे.

खत-बियाणं, करजण

नोंदणी केली की आयकरवाला येतो, मागून पोलीस येतो, आणि दोन रुपयांचा दरही जातो. मग बुडीत कोण सोसणार? तुमचं पटत नाही. तरी कागद काय लागतात ते कळवा.

डभोईकडचा मास्तर

काल बेनना घेऊन शेठकडे गेलो. बेननी साठवलेले 5,000 मुद्दलात घ्यायला तो राजी झाला, पण पावतीला नाही म्हणाला. चेकचं विचारलं तर ‘कुठेतरी असेल, शोधून ठेवतो.’ म्हणून रोख दिलेच नाहीत. बेनच्या खात्यातून फोनने त्याच्या खात्यात पाठवले आणि शेऱ्यात ‘मुद्दल’ लिहिलं. त्याचा चेहरा उतरला. अकरा महिन्यांत या कर्जाची ही पहिली लेखी नोंद.

वकीलताई, आता चेकचं काय करू? आणि सावलीच्या ताई, आमच्या फळियात मंडळ नाही. नऊ बायका तयार आहेत.

रावपुऱ्याची वकील

चेकबुकाच्या राहिलेल्या पानांवरून त्या चेकचा नंबर काढा. कधी, किती घेतले, किती दिले आणि चेक कोरा दिला होता, एवढं साध्या गुजरातीत लिहून शेठला स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. नुसतं बँकेला सांगून चेक थांबवू नका, त्यावरही 138 लागू शकतं. मसुदा मी करून देते, फी नको. वाळ्यांचं वजन बेनना आठवतं का ते विचारून ठेवा, पत्रात तेही घालू.

सावलीची ताई

दहावी म्हणून शाळेतल्या झाडूवाल्या बेनना विचारलंत का? बहुतेक वेळा त्यांनाच कुणी विचारत नाही. मंगळवारी डभोईच्या तालुका पंचायतीत माझं काम आहे. अकरा वाजता सगळ्यांची आधार कार्डं घेऊन या, वही मी आणते.