आतड्याकडे जाणाऱ्या पांढऱ्या पेशी तेवढ्याच अडवता येतात का? (वेडोलिझुमॅब)

इंदिरानगरची_प्राजक्ता
नमस्कार मंडळी, नाशिकमधल्या कुणी हे औषध घेतलं असेल तर सांगा, शास्त्र माहीत असलेल्यांनीही लिहा. धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) आहे, स्टेरॉइड कमी करत आणलं की परत रक्त पडायला लागतं आणि चेहरा तर इतका सुजलाय की परवा आत्याने पटकन ओळखलंच नाही. आता पोटाचे डॉक्टर म्हणतायत वेडोलिझुमॅब सुरू करू, ते पांढऱ्या पेशींना आतड्यात शिरू देत नाही. आईचं म्हणणं पेशी अडवल्या म्हणजे प्रतिकारशक्तीच गेली, त्यात बाबांना पूर्वी टीबी होऊन गेलाय त्यामुळे तिच्या डोळ्याला डोळा नाही. पण पेशी तर रक्तातून अंगभर फिरतात ना, मग आतड्यात अडवायचं आणि फुफ्फुसात नाही हे जमतं कसं?

पेशीपुराण
ताई, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. आपलं द्वारका सर्कल डोळ्यासमोर आणा, सगळ्या गाड्या तिथूनच वळतात पण धुळ्याची पाटी असलेली धुळ्याच्याच रस्त्याला लागते. आतड्याजवळच्या लसिकाग्रंथीत जी टी-पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) तयार होते तिच्या अंगावर अल्फा-४ बीटा-७ नावाचं इंटेग्रिन, म्हणजे चिकटायला लागणारं प्रथिन, येतं (त्यासाठी अ जीवनसत्त्वापासून बनलेलं रेटिनोइक अॅसिड लागतं, मला तर हे फार भारी वाटतं). आतड्याच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर त्याचा जोडीदार मॅडकॅम-१ असतो. पेशी वाहिनीच्या भिंतीला घासत गडगडत येते, दोघांची गाठ पडली की थांबते, चपटी होते आणि अस्तराच्या दोन पेशींमधून अंग चोरून बाहेर आतड्यात उतरते. वेडोलिझुमॅब त्या अल्फा-४ बीटा-७ वर जाऊन बसतं, बास. पेशी मरत नाही, रक्तात फिरत राहते, फक्त तिथे उतरता येत नाही. फुफ्फुसात शिरायला मुख्यतः दुसरे रेणू लागतात, त्यांना हे औषध हात लावत नाही.

गोदाकाठ
ऐकायला छान आहे पण नॅटालिझुमॅबचं काय झालं तेही सांगा की. नोव्हेंबर २००४ ला अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिससाठी (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) मंजुरी मिळाली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं, मेंदूत जेसी व्हायरसने पीएमएल (मेंदूचा जीवघेणा संसर्ग) झालं म्हणून. तेही पेशी अडवणारंच औषध होतं ना?

पेशीपुराण
होय, आणि म्हणूनच नेमकं काय अडवलं हे बघावं लागतं. नॅटालिझुमॅब नुसत्या अल्फा-४ ला धरतं, तो तुकडा अल्फा-४ बीटा-७ मध्येही आहे आणि अल्फा-४ बीटा-१ मध्येही, आणि या दुसऱ्या जोडीच्या आधारानेच पेशी मेंदूत पहाऱ्याला जातात. पहारा थांबला की दबून बसलेला व्हायरस उठतो. २००६ मध्ये ते औषध कडक देखरेखीच्या अटीवर परत आलं. वेडोलिझुमॅब (२०१४ मध्ये मंजूर) फक्त बीटा-७ वाली जोडी ओळखतं, त्यामुळे मेंदूची वाट मोकळी राहते. तरी नवीन अशक्तपणा, बोलण्यात किंवा दिसण्यात फरक असं काही वाटलं तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. आईंना टीबीची जी भीती आहे ती मुख्यतः इन्फ्लिक्सिमॅबसारख्या टीएनएफ (दाह पेटवणारं प्रथिन) अडवणाऱ्या औषधांची, कारण दबलेला टीबी कोंडून ठेवायला टीएनएफ लागतो. पण इथेही सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची रक्ततपासणी करूनच घ्या आणि बाबांचं जुनं आजारपण डॉक्टरांच्या कानावर घाला.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
मी घेतोय. अर्ध्या तासाचं ड्रिप असतं, पहिलं झालं की दुसऱ्या आठवड्यात, मग सहाव्या, नंतर दर आठ आठवड्यांनी. एक सांगतो, सुरुवातीला काहीच फरक वाटत नाही आणि माणूस खचतो, मी पण खचलो होतो, पण आतड्यात आधीच घुसलेल्या पेशी थोड्याच बाहेर निघतात, नवीन येणं बंद होतं एवढंच, त्यामुळे जुना दाह हळूहळूच विझतो. तोपर्यंत स्टेरॉइड डॉक्टर सांगतील तसंच उतरवायचं, मनाने बंद करू देऊ नका भावाला. मेडिक्लेमवाल्यांना डे-केअरचं आधी विचारून ठेवा.

इंदिरानगरची_प्राजक्ता
सगळ्यांचे मनापासून आभार, आईला द्वारका सर्कल लगेच कळलं. एक राहिलं, त्याचा गुडघा पण सुजतो मधूनमधून, तो यानेच बसेल ना?

पेशीपुराण
तिथे खात्री देता येत नाही, ताई. औषध आतड्यापुरतं आहे हा त्याचा गुण, आणि सांध्यासाठी तीच अडचण. आतड्याचा दाह उतरला की काहींचा सांधाही बरा होतो, काहींचा होत नाही. औषध ठरायच्या आधीच डॉक्टरांना गुडघा दाखवा, सांध्याचा त्रास जास्त असेल तर ते कदाचित दुसरंच औषध निवडतील.